ओटीवरचा निळसर चौकोन

आमच्या मुरुडच्या घरीं ओटीच्या भिंतीवर एक निळसर चौकोन आहे. सुमारें दोन हात उंच, दीड हात रुंद, आणि त्याच्या वरच्या कडेशीं एक गंजका खिळा. बाकीची भिंत दर दहा-पंधरा वर्षांनीं रंग बदलीत आली. परंतु तेथें लक्ष्मीची तसबीर होती, आणि रंगारी आला तरी ती हलवावयाची नाहीं, भोंवतालून कुंचला फिरवावयाचा, असा माझ्या आजेसासूबाईंचा दंडक होता. त्यामुळें त्यांच्या काळचा निळीचा चुना तसबिरीआड जसाच्या तसा राहिला. आतां तसबीर नाहीं आणि चुना दिसतो. महर्षि कर्व्यांचें गांव पाहावयास आलेला पाहुणा चहाचा पेला हातांत घेतो, त्या चौकोनाकडे पाहतो आणि "इथें काय होतें हो?" असें हटकून विचारतो.

३ जून २०२० ची दुपार दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील कोणीहि विसरणार नाहीं. 'निसर्ग' नांवाचें वादळ श्रीवर्धनच्या बाजूनें किनाऱ्यावर चढलें आणि हर्णै, मुरुड, आंजर्लें, केळशी या पट्ट्यांतल्या वाड्या त्यानें भुईसपाट केल्या. ज्या पोफळींच्या सावलीमुळें गांवचा रस्ता भर दुपारींहि गार असे, त्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. आमच्या घरावरचीं कौलें पाखरांसारखीं उडालीं. करोनाचे दिवस, मुंबई-पुण्याचीं माणसें येऊं शकत नव्हतीं, घरांत आम्ही तिघें म्हातारीं, थोरले भाऊजी, जाऊबाई आणि मी. देव आणि तांदळाचीं पिपें आंत नेण्याच्या गडबडींत तसबीर राहून गेली. चौथ्या दिवशीं ती खालीं उतरविली तेव्हां चौकटींत पाणी शिरून कागद फुगला होता. भाऊजींनीं अगदीं जपून कांच सोडविली. पण कांचेबरोबर लक्ष्मीचा चेहरा निघून आला. कमळ राहिलें, हत्ती राहिला, चारी हात राहिले.

जाऊबाई डोळ्यांना पदर लावून माजघरांत निघून गेल्या. भंगलेली मूर्ति पाण्यांत सोडावी अशी रीत आहे आणि समुद्र आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आहे. तथापि त्या वाटेनें कोणाचाच पाय उचलेना. शेवटीं तसबीर जुन्या लुगड्यांत गुंडाळून माळ्यावर गेली.

आतां थोडें माझ्याविषयीं सांगितलें पाहिजे, कारण पुढची गोष्ट माझ्या हाताची आहे. मीं एकतीस वर्षें शाळेंत चित्रकला शिकविली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षांना मुलें बसविलीं, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे सारे सोपस्कार त्यांच्याकडून करून घेतले. माझी विद्वत्ता बेताचीच. पण फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टीवांचून, एका दमांत सरळ रेघ ओढणें हें मला साधलें होतें. वर्गावर दंगा चालला असेल तर मी रागें भरत नसें. मुकाट्यानें फळ्याकडे वळून एक रेघ ओढीं. वर्ग शांत होई. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतो, मला त्या रेघेचा होता.

तो हात साठी उलटल्यावर थरथरूं लागला. दापोलीच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं हा कंपवात नव्हे. कंपवाताचा हात स्वस्थ बसला असतां हलतो, तुमचा हात काम करूं लागला म्हणजे हलतो. हें ऐकून घरांतल्या सर्वांना हायसें वाटलें. मला मात्र वाटलें, यापेक्षां स्वस्थ बसलेला हात हलला असता तरी चाललें असतें! मीं अंगणांत रांगोळी घालणें सोडलें. कोणी विचारलें तर गुडघ्यांचें निमित्त सांगावयाचें. चहा पेल्यांतून न घेतां वाटींतून घ्यावयाचा आणि तोहि सर्वांच्या मागून. एवढ्यानें सारें झांकलें जात होतें. परंतु एके दिवशीं माझ्या निवृत्तिवेतनाच्या पैशांचा धनादेश एका बँकेनें परत केला. सही जुळत नाहीं. मी स्वतः गेलें, माणसांदेखत पुन्हा सही केली, तीहि जुळली नाहीं. खिडकीमागचा तरुण फार सौजन्यानें म्हणाला, "आजी, अंगठा लावलात तर सोपें पडेल." जिनें शेंकडों मुलांना अक्षर वळवावयास शिकविलें तिनें त्या दिवशीं शाईच्या पॅडवर अंगठा टेंकला. ही गोष्ट मीं घरीं सांगितली नाहीं.

धाकट्या मुलाची मुलगी मुंबईस चित्रकला शिकते. मागच्या वैशाखांत ती महिनाभर राहावयास आली. येतांना तिनें लहान पाटीएवढी एक कांचेची टॅब्लेट, तिच्यावर लिहावयाची लेखणी आणि एक चपटा स्कॅनर आणला होता. माळ्यावरची तसबीर तिनें पहिल्याच दिवशीं खालीं काढली. जाऊबाईंची परवानगी घेऊनच, हें सांगावयास हवें. त्या नुसत्या एवढेंच म्हणाल्या कीं उघडी करशील तेव्हां मला हांक मारूं नको.

स्कॅनरखालून तसबिरीचा एकेक भाग गेला आणि पडद्यावर कित्येक पटींनीं मोठा होऊन दिसूं लागला. लक्ष्मीच्या हाताची ती गुलाबी-सोनेरी कांति मीं लहान सून होतें तेव्हांपासून पाहत आलेलें; पडद्यावर पाहतें तों सारे ठिपके! लाल ठिपके, पिवळे ठिपके, मधून एखादा निळा. त्वचेचा रंग म्हणून एकहि रंग कोठें नाहीं. कमळाखालच्या पाण्यांतहि तेच. कागदाच्या खालच्या कांठावर छापखान्याचें नांव पुसट दिसत होतें.

नातीनें हांक मारली नव्हती तरी जाऊबाई दारांत येऊन उभ्या होत्या. "म्हणजे ही हातानें काढलेली नव्हे?" त्यांनीं विचारलें. घरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते कीं आमची लक्ष्मी राजा रविवर्म्याच्या हातची आहे.

हातची होती आणि नव्हतीहि. रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला आणि शेवटीं फ्रिट्झ श्लायखर नांवाच्या जर्मन तंत्रज्ञास विकला. मूळ तैलचित्रावरून तेथील कारागीर गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूनें तें चित्र उलटें उतरवीत. प्रत्येक रंगाला शिळा निराळी. एक कागद तितक्या वेळां यंत्राखालून जाई आणि प्रत्येक खेपेस तो केसभरहि सरकूं न देणें यांत सारें कसब असे. वरून रोगण चढविलें कीं कागदाला तैलचित्राचा तुकतुकीतपणा येई. अशा प्रती हजारोंनीं निघाल्या आणि महाराष्ट्रांतल्या देवघरांत जाऊन बसल्या. तेव्हां आमच्या लक्ष्मीला एकाचा हात लागला नव्हता, पुष्कळांचे लागले होते. आणि त्यांत एक हात यंत्राचा होता.

मीं हें सांगितलें तें जाऊबाईंना रुचलें नाहीं. "यंत्राला कुठला आलाय हात!" असें म्हणून त्या वळल्या. त्यांना काय उत्तर द्यावें तें मला सुचलें नाहीं. खरें पाहतां माझेंहि मत आंतून तेंच होतें. संगणकावर मराठी वाचतांना आपल्या डोळ्यांखालून वर्षानुवर्षें जो 'मंगल' टंक गेला, तो हातांत बोरू-कुंचला घेऊन अक्षरांशीं उभा जन्म घालविलेल्या र. कृ. जोशींनीं घडविलेला, हें मला ठाऊक होतें; पण ठाऊक असणें निराळें आणि पटणें निराळें.

नातीचीं चित्रें तर मला मुळींच पटत नव्हतीं. त्यांत कांहीं ओळखूं येत नाहीं. डाग, पट्टे, ओरखडे, मधेंच एक करडी पोकळी. कांहीं भाग संगणकावर केलेला, तो कागदावर छापून घेतलेला, आणि त्यावर पुन्हा हातानें रंग लावलेला. कोणता भाग कोणी केला याचा थांगपत्ता लागूं नये अशी व्यवस्था. जास्वंद जास्वंदीसारखी दिसली पाहिजे हें मीं एकतीस वर्षें शिकविलेलें. मीं विचारलें, "हें कशाचें चित्र?" ती म्हणाली, "आजी, संध्याकाळीं फिरायला चल, मग सांगतें."

ओहोटीला आमच्या किनाऱ्यावर बारीक खेंकडे बिळांतून बाहेर येतात, वाळू चाळून तिचे मोहरीएवढे गोळे मागें टाकतात. बिळापासून सर्व बाजूंना त्या गोळ्यांच्या ओळी फांकत जातात. दर बिळाभोंवतीं निराळा आकार. भरती आली कीं सारें पुसलें. नातीनें बोट दाखवून विचारलें, "हें कशाचें आहे?" मीं तिला म्हटलें, खेंकड्याला चित्र काढावयाचें नसतें, त्याला पोट भरावयाचें असतें. तिला हें उत्तर फार आवडलें. मला अजूनहि वाटतें कीं वादांत मीच जिंकलें होतें.

मग रात्रीं तिनें वासुदेव गायतोंड्यांचीं चित्रें दाखविलीं. नागपुरास १९२४ सालीं जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. मध्यें शिकलेला हा मनुष्य. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें. त्यांचें नांव मीं ऐकलें होतें, मात्र ते रंग लावतांना कुंचल्यावर अवलंबून न राहतां रूळ आणि सुरी वापरीत, कागदाचे फाटके तुकडे रंगांत दाबून उचलीत, हें ठाऊक नव्हतें. १९८४ सालीं अपघातांत जखमी झाल्यावर कांहीं वर्षें त्यांना मोठे कॅनव्हास झेंपेनात. त्या दिवसांत त्यांनीं कागदावर शाईचीं लहान चित्रें केलीं. तीं मीं दोनदां मागें जाऊन पाहिलीं. अकबर पदमसींचेंहि तिनें सांगितलें. १९७० च्या सुमारास नुसत्या रेषांची 'सिझिजी' ही चलत्चित्रपट्टी करणारा हा चित्रकार उतारवयांत संगणकापुढें बसला आणि काळ्या-पांढऱ्यांतलीं चित्रें करून त्यांना 'कॉम्प्युग्राफिक्स' म्हणूं लागला. ज्याच्या हाताला तैलरंग वश होते त्याला हें कां करावेंसें वाटलें असेल, याचा विचार करीत मी झोंपीं गेलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं माजघरांत आम्ही दोघीच होतों. नातीनें ती कांचेची पाटी माझ्या मांडीवर ठेवली, लेखणी हातांत दिली आणि म्हणाली, "एक रेघ ओढ." मीं नको म्हटलें. तिनें आग्रह केला. मीं हात उचलला, तो नेहमींप्रमाणें हलूं लागला, आणि डोळे मिटून घेऊन मीं डावीकडून उजवीकडे लेखणी नेली.

डोळे उघडून पाहतें तों सरळ रेघ! फळ्यावर ओढीत असें तशी, तारेसारखी ताणलेली. मीं आणखी एक ओढली. आणखी एक. मग वर्तुळ काढलें, तेंहि जुळून आलें. बारा-चौदा वर्षांत असें सुख मला झालें नव्हतें. माझ्या डोळ्यांना पाणी आलें तें नातीनें पाहिलें आणि ती पोर आनंदानें सांगून गेली, "स्टॅबिलायझर लावलाय गं आजी! तुझा हात हलला तरी तें सांवरून घेतें."

मग तिनें त्याची क्रिया समजावून दिली. लेखणीचें टोंक क्षणोक्षणीं कोठें आहे तें यंत्र टिपतें. मागच्या कांहीं स्थानांची सरासरी काढून मधला मार्ग धरतें आणि तेवढाच पडद्यावर उमटवितें. बाकीचें टाकून देतें. म्हणूनच रेघ लेखणीमागून जराशी उशिरां येते, दाव्याला बांधलेल्या वासरासारखी.

टाकून देतें हा शब्द मला लागला. मीं पाटी खालीं ठेवली. मी तिला जें बोललें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. एवढें सांगतें कीं खिडकीमागच्या त्या तरुणानें अंगठा मागितला, त्याच्यावर मीं जो राग काढला नव्हता तो या लेकरावर निघाला. ती रडली. बँकेची हकीकत प्रथम कोणाला कळली असेल तर ती तिला, आणि तीहि अशा रीतीनें.

त्या संध्याकाळीं ती माझ्याशीं बोलली नाहीं. रात्रीं अंथरुणावर येऊन बसली आणि तिनें मला एका बाईची गोष्ट सांगितली. व्हेरा मोल्नार असें तिचें नांव. जन्म बुडापेस्टचा, सन १९२४, म्हणजे गायतोंड्यांचेंच वर्ष. ही चित्रकार पॅरिसला जाऊन राहिली. १९६८ सालीं, जेव्हां एकेक संगणक खोलीभर असे, तेव्हां ती त्यावर चित्रें करूं लागली आणि २०२३ सालीं, वयाच्या शंभरीला टेंकून, वारली. तिची आई बुडापेस्टहून तिला दर आठवड्यास पत्र लिही. त्या माउलीचें अक्षर मोठें विलक्षण होतें. ओळीच्या आरंभीं नीटस, शिस्तीचें, आणि उजवीकडे जातां जातां बेचैन होत जाणारें. आई गेली. पत्रें येईनाशीं झालीं. तेव्हां लेकीनें संगणकाला तें अक्षर शिकविलें. शब्द नव्हेत, नुसती त्या हाताची चाल. डावीकडे किती संथ, उजवीकडे किती अधीर, याचे नियम बसविले आणि 'आईचीं पत्रें' म्हणून एक चित्रमाला केली. त्या पत्रांत वाचतां येण्यासारखें एक अक्षर नाहीं.

मीं तीं चित्रें फोनवर पाहिलीं. ओळींमागून ओळी, नुसते हेलकावे. हें कशाचें चित्र असें या वेळीं मीं विचारलें नाहीं.

सकाळीं उठून मीच म्हटलें, "तें काय सांवरून घेणारें आहे तें काढ, आणि दे इकडे." दोन दिवस मी रेघा ओढीत होतें. आडव्या, उभ्या, तिरप्या. हात थकला कीं कंप वाढे, सकाळीं कमी असे, चहानंतर पुन्हा वाढे. हें सारें रेघांत उतरत होतें आणि पाटी तें निमूटपणें ठेवून घेत होती. कागदावर ओढलेली वांकडी रेघ पाहून मला जी शरम वाटे ती येथें वाटली नाहीं. कदाचित् फळ्याशीं तिची तुलना होत नव्हती म्हणून असेल.

नातीनें त्या रेघा घेतल्या. तसबिरीवरचे पाण्याचे डाग आणि ते गुलाबी-पिवळे ठिपके घेतले. घराच्या मागच्या जांभ्याच्या भिंतीवर कागद धरून त्यावर कोळसा घासला आणि दगडाचीं सारीं भोंकें कागदावर आणलीं. तेहि यंत्रांत गेलें. एकावर एक थर रचून, कांहीं विरळ करून, कांहीं पुसून, तिनें पंधरा दिवस खटपट केली. मी शेजारीं बसून पाहत असें. यंत्र आपण होऊन चित्र काढतें ही माझी समजूत त्या पंधरवड्यांत गेली. एक थर किंचित् डावीकडे सरकवावा कीं नाहीं यासाठीं ती अख्खी सकाळ घालवी, आणि संध्याकाळीं तो होता तेथें परत आणी. मळवलीच्या शिळांवर कागद जुळविणारे असेच असले पाहिजेत. शेवटीं तें चित्र पुण्याच्या हातकागदावर छापून आलें. त्यावर तिनें गेरू आणि समईची काजळी बोटानें चोळली.

"आतां ठिपके तूं घाल," ती म्हणाली. रांगोळी चिमटींत धरून ठिपके देण्याचें काम मी सात-आठ वर्षांची असल्यापासून केलेलें. सात ओळी, सात ठिपके. पांढरा रंग घेऊन मीं ते दिले. अंतरें चुकलीं, एक ठिपका तर शेजारच्याला जाऊन भिडला. नात म्हणाली, राहूं दे.

चित्र कांच न लावतां चौकटींत बसविलें आणि निळसर चौकोनावर धरून पाहिलें. चौकोनाहून तें थोडें लहान निघालें. भोंवतीं तीन बोटें जुना चुना उरला. तो तसाच ठेवावा असें मला वाटलें, भाऊजींना वाटलें कीं आतां एकदां भिंत रंगवून घ्यावी. मग जाऊबाईंना बोलाविलें. त्या बराच वेळ उभ्या होत्या. "उलटें तर नाहीं ना लावलेंत?" असें त्यांनीं विचारलें. नाहीं म्हटल्यावर जवळ गेल्या आणि खालच्या कोपऱ्यांतल्या एका डागावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा हत्तीच्या पायाजवळचा. पाण्याचा हा डाग तेव्हां मीच पुसायला गेलें होतें आणि पसरला." तो डाग तेथें आहे हें आम्हां दोघींना ठाऊकहि नव्हतें.

त्याच दिवशीं ओहोटीच्या आधीं जाऊबाई आणि भाऊजी तसबिरीचा राहिलेला कागद घेऊन समुद्रावर गेले. मी गेलें नाहीं. नात माझ्यापुढें काळी शाई आणि बारीक कुंचला घेऊन बसली होती. चित्रावर दोघींची सही हवी म्हणाली. तिनें आपली केली. मीं हात उचलला, तो हलूं लागला, आणि हलत हलत मीं माझें नांव लिहिलें. पूर्वीं दोन इंचांत मावे, आतां चार इंच लागले.

तीं दोघें परत आलीं तेव्हां शाई वाळावयाची होती. जाऊबाई ओले पाय पुशीत चित्रापुढें थांबल्या, चष्मा वर सरकवून त्यांनीं माझी सही वाचली, आणि मागें न वळतां म्हणाल्या, "अगं, हीच दे आतां त्या बँकेंत."